उजवीकडचा देव

माझा थोरला भाऊ आर्तेमास याला उभ्या जन्मात ‘नाही’ म्हणता आलं नाही. कोणी काहीही मागितलं की मान एका बाजूला कलती करून तो म्हणायचा, "बरं." त्याचं लग्नही असंच ठरलं. मेल्तिनीच्या वडिलांनी विचारलं, "आमच्या दाराची कडी बसवून देशील का?" "बरं." "आणि आमची मुलगी करून घेशील का?" "बरं." मेल्तिनीवहिनी आजही सांगते की त्यातली कडी बसवायची राहिली आहे.

आमच्या पेल्तारा गावात तो नाण्यांचे ठसे कोरायचा. सोन्याचांदीचं नाणं रोमचं, त्यात आपलं काही चालत नाही. पण बाजारहाटाचं कांस्याचं नाणं ज्याचं त्याचं गाव पाडतं. एका अंगाला सम्राटाचं तोंड आणि दुसऱ्या अंगाला गावाचा देव. आर्तेमास लोखंडाच्या ठशात चित्र उलटं कोरायचा. मग तापवलेल्या चकतीवर तो ठसा धरून वरून घण मारला की नाण्यावर सुलटा देव उमटायचा.

सम्राटाला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. त्याचं चित्र रोमहून यायचं, आणि हल्ली ते वाटेत असतानाच सम्राट बदलायचा. दादा मग जुन्याच ठशावर भागवायचा. ठशात कोरलेलं बुजवता येत नाही, आणखी खोल मात्र नेता येतं. त्यामुळे सम्राटाची दाढी वाढवता येते, काढता येत नाही. नवा सम्राट गुळगुळीत दाढी करणारा आहे अशी बातमी आली की दादा कपाळाला हात लावून बसायचा.

देवांचं त्याहून अवघड. डोंगरापलीकडच्या कांदोवा गावच्या शिकारीण देवीशेजारी त्याने एकदा कुत्रा कोरला. कुत्रा जरा अंगाने भरला. नाणी पडल्यावर गावकरी तक्रार घेऊन आले, "अरे, आमच्या देवीजवळ हे डुक्कर कसलं?" दादा म्हणाला, "बरं, पुढच्या वेळी बारीक करतो." पण पुढच्या वर्षी त्यांचा पुजारी स्वतः येऊन सांगून गेला की काही बदलू नकोस. देवीचं जनावर मुळात डुक्करच होतं, मधल्या काळात लोक विसरले होते, असं त्याला जुन्याजाणत्यांकडून कळलं होतं. आता कांदोव्यात दर जत्रेला देवीला डुक्कर वाहतात. वहिनी म्हणते, "बरं झालं, तुम्ही गाढव नाही काढलंत."

असा हा माणूस. त्याच्या हातून पुढे जे घडलं त्यात माझा जीव टांगणीला लागला होता, म्हणून मला ते बारीकसारीक आठवतं.

आमच्या गावाचा देव म्हणजे चंद्रदेव मेन. खांद्यांमागे चंद्रकोर, डोक्यावर टोकदार टोपी, एक पाय बैलाच्या मुंडक्यावर. नदीपलीकडच्या ओर्वासाची देवी म्हणजे सिंहवाली आई. डोक्यावर तटबंदीचा मुकुट आणि पायाशी सिंह. दोन गावांत एक दगडी पूल आणि वर्षानुवर्षांचा एकच वाद, की या मुलुखातलं पहिलं शहर कोणतं. ओर्वासाने आपल्या नाण्यावर आईभोवती ‘पहिलं शहर’ असं कोरून घेतलं. आमच्या नगरप्रमुखांनी लगेच ‘सगळ्यांत पहिलं शहर’ कोरायला सांगितलं. ओर्वासाने ‘सगळ्यांत पहिलं आणि सगळ्यांत जुनं’ केलं. या तिन्ही वेळा ठसे कोरले आर्तेमासनेच. आमच्या मुलुखात एकच कारागीर पाचसहा गावांची नाणी करतो. प्रत्येक वेळी तो "बरं" म्हणाला आणि अक्षरं आणखी बारीक केली. चौथ्या वेळी, आमच्या नाण्यावर, अक्षरांना जागा पुरेना म्हणून त्याने चंद्रदेवाचा पाय बैलाच्या मुंडक्यावरून खाली घेतला. आमच्याकडच्यांना वाटलं ओर्वासाकरांनी दादाला फितवून देवाचा पाय काढून घेतला. पुलावर दगडफेक झाली. मग दोन्ही गावांनी पुलावरच्या आपापल्या वेशी बंद केल्या.

माझी आफिया तेव्हा वेशीच्या पलीकडे होती.

तिचं लग्न आदल्या हिवाळ्यात ओर्वासातल्या कारिकोसशी झालं होतं. मुलगा सालस आहे, लोकर रंगवतो, त्याचे हात कोपरापर्यंत निळे असतात. लग्नात मी आमच्या रीतीप्रमाणे आफियाच्या कमरपट्ट्याला गाठ मारली होती. ती गाठ पहिल्या बाळंतपणात आईनेच सोडायची असते. दुसऱ्या कोणी सोडली तर बाळ अडतं. शिकलेले लोक याला हसतात. मीही वाचायला शिकलेली बाई आहे, वैद्यकाचे दोन ग्रंथ मी अथपासून इतिपर्यंत वाचले आहेत आणि त्यात कमरपट्ट्याच्या गाठीबद्दल अक्षर नाही. पण आपल्या मुलीची वेळ आली की ग्रंथ कोण उघडतंय?

वेशी बंद झाल्या आणि पंधरवड्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. तेही कसं, तर नदीवर. नदीला उतार नाही, आणि धारेला ओढ अशी की नाव टिकत नाही. मी आमच्या काठावर उभी राहायची, ती तिच्या काठावर, आणि मध्ये पाण्याचा गोंगाट.

"पाय सुजलेत का गं?" मी ओरडले.

"काय?"

"पाय! पाय सुजलेत का?"

आमच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी मान वर केली. त्यातल्या एकीचा आवाज खणखणीत, तिने हातातलं धुणं आपटत हाळी दिली, "आफिये! तुझी आई विचारतेय पाय सुजलेत का!"

पलीकडच्या बायकांनी आफियाचे पाय बघितले, आपसात बोलून ठरवलं आणि उलट हाळी आली, "थोडे! संध्याकाळी जास्त!"

"मीठ कमी कर म्हणावं!"

"सासू ऐकत नाही! डाळीत मीठ फार घालते!"

मग तिकडून तिच्या सासूचा, माझ्या विहीणबाई बाबेईस यांचा, आवाज पाणी कापत आला, "विहीणबाई, आमच्या डाळीत मीठ बरोबर असतं! तुमच्याच गावचं पाणी अळणी आहे!"

अशा रीतीने माझ्या मुलीच्या पायांची, भुकेची आणि उलट्यांची खबर दोन्ही गावांना रोज होती. मच्छीमार मला थांबवून सल्ले द्यायचे. सातवा महिना लागला तेव्हा मला झोप येईनाशी झाली. एकच विचार, वेस उघडली नाही तर गाठ कोण सोडणार?

आणि तेवढ्यात प्रांताधिकाऱ्यांचा निरोप आला. दोन्ही गावांनी वसंतातल्या जत्रेपर्यंत समेट केला नाही तर ‘पहिलं शहर’ हा मान दोघांकडूनही काढून तिसऱ्याच गावाला, कांदोव्याला, देण्यात येईल. डुकराच्या देवीचं गाव पहिलं! हे ऐकून दोन्ही नगरसभांत एका दिवसात एकमत झालं. ठरलं असं, की जत्रेच्या दिवशी दोन्ही वेशी उघडायच्या, दोन्ही देव पालखीतून पुलाच्या मधोमध आणायचे, त्यांचे हात एकमेकांना टेकवायचे आणि समेटाचं नवं नाणं लोकांत उधळायचं. नाण्यावर चंद्रदेव आणि सिंहवाली आई एकमेकांचा हात धरून उभे. ठसा अर्थात आर्तेमास करणार.

उजवीकडे कोण आणि डावीकडे कोण, हे करारात लिहिलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. तो विषय निघाला असता तर करारच झाला नसता.

आमचे नगरप्रमुख थेमिसोन हे लोकरीचे मोठे व्यापारी. अंगाने दांडगे, आवाजाने त्याहून. नाण्याचा खर्च त्यांचा, म्हणून नाण्यावर नावही त्यांचं येणार होतं. मी दादासाठी मसुराची आमटी घेऊन गेले होते तेव्हाच ते कारखान्यात आले.

"आर्तेमास, आपला देव उजवीकडे हवा. मानाची बाजू."

"बरं."

"आणि ओर्वासाकरांना यातलं काही बोलायचं नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ओर्वासाचे दूत अद्रास्तोस आले; वेशीची दिंडी तेवढी दूतांपुरती उघडायची. ते किडकिडीत, हळू बोलणारे, आणि बोलताना समोरच्याच्या अंगरख्यावरची धूळ झटकायची सवय असलेले गृहस्थ.

"आर्तेमासभाऊ, आमची आई वयाने मोठी. मोठ्यांना उजवी बाजू द्यायची, हे तुमच्यासारख्याला मी काय सांगू?"

"बरं."

"थेमिसोनना कळायला नको हं."

"बरं."

ते गेल्यावर वहिनी आतून आली. तिच्या हातात लाटणं असतं तर तिने ते फेकलं असतं, पण लसूण सोलत होती म्हणून लसूण फेकली. "दोघांनाही बरं म्हणालात?"

"दोघंही चांगली माणसं आहेत गं."

"देव दोन आणि उजवी बाजू एक! मग तिसरा हात कुठून आणणार आहात?"

"दादा," मी म्हटलं, "हे बिघडलं तर पूल उघडणार नाही. आफियाचं कसं होईल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरले. आफियाला त्यानेच खांद्यावर खेळवलेलं. "बरं," तो म्हणाला. कशाला बरं म्हणाला ते मला कळलं नाही, बहुधा त्यालाही कळलं नसावं.

त्याने कामाला सुरुवात केली ती मधूनच. आधी ठशाच्या मध्यभागी दोन हात कोरले, एकमेकांत गुंफलेले. नुसते हात, कोणाचे ते न ठरवता. आठवडाभर ठशावर तेवढंच होतं. तो त्यांची नखं कोरत बसायचा. इतकी सुरेख नखं आमच्या मुलुखातल्या कोणत्या देवाला मिळाली नसतील. वहिनी येता-जाता विचारायची, "झाली का नखं? आता नखांतला मळ कोरा."

शेवटी निर्णय लोखंडानेच घेतला. ठशाच्या डाव्या अंगाला एक बारीक खड्डा निघाला. तो झाकायला सिंहाची आयाळ बरी, म्हणून सिंह डावीकडे आला, सिंहामागे आई आली आणि चंद्रदेव उरलेल्या जागी, उजवीकडे गेला. ठशात उजवीकडे. म्हणजे नाण्यावर डावीकडे. हे दादाला कळत होतं. पण तो म्हणाला, "आता आयाळ फार छान आलीय."

थेमिसोन तपासायला आले. ठसा उन्हात धरून त्यांनी एक डोळा मिटला.

"अक्षरं उलटी आहेत."

"नाण्यावर सुलटी येतात."

"ते मला कळतं. मी काही कांदोव्याचा नाही." मग त्यांनी बोट ठेवलं, "हा आपला देव. उजवीकडे. शाब्बास!" आणि दादाच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याला खोकला आला. दादाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. खोकला थांबेपर्यंत थेमिसोन रस्त्यावर पोचले होते.

दुसऱ्या दिवशी अद्रास्तोस. ठसा बघून त्यांचा चेहरा पडला. "आर्तेमासभाऊ, ही डावीकडे?" दादाने मुकाट्याने ओल्या मातीचा गोळा घेतला, त्यात ठसा दाबला आणि उचलला. मातीत आई उजवीकडे उभी होती, सिंहासकट. अद्रास्तोसनी दादाच्या अंगरख्यावरची सगळी धूळ झटकून दिली आणि खूश होऊन गेले.

त्या दिवशी दादा कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. "मी दोघांशीही खोटं बोललो नाही," तो म्हणाला. "दोघांनी जे पाहिलं ते खरंच होतं."

"आणि नाणी पडल्यावर?" वहिनीने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा."

मी वहिनीकडे बघितलं, वहिनीने माझ्याकडे. थेमिसोनना जाऊन सांगावं, तर ते ठसा फोडायला लावणार, नवा ठसा जत्रेपर्यंत होणार नाही आणि पूल उघडणार नाही. न सांगावं, तर पूल उघडेल, निदान नाणी लोकांच्या हातात पडेपर्यंत. मी मनात हिशेब मांडला. नाणी हातात पडायच्या आत मी पूल ओलांडायचा. झालं. मी गप्प बसले आणि टोपली भरायला घेतली. जुनं मऊ कापड, मध, ऑलिव्हचं तेल, लसणाची माळ, वाळलेले अंजीर, एक चीजचा गड्डा आणि दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी. मग वाटलं, तिकडे चूल पेटवायला काटक्या चांगल्या नसतील, म्हणून काटक्या. वहिनी म्हणाली, "पूलही सोबत घेऊन चला."

जत्रेच्या सकाळी मी पुलाच्या वेशीशी सगळ्यांत आधी उभी होते. पण वेस उघडली ती पालख्या आल्यावरच, आणि पालखीच्या पुढे कोणी जायचं नाही असा पुजाऱ्यांचा दंडक. त्यामुळे मी चंद्रदेवाच्या मागे गर्दीत अडकले. समोरून ओर्वासाकर सिंहवाल्या आईला घेऊन आले. पुलाच्या मधोमध दोन्ही पालख्या समोरासमोर टेकल्या. दोन्ही लाकडी मूर्तींचे हात मुद्दाम सुटे केलेले होते, ते पुजाऱ्यांनी पुढे ओढून एकमेकांना टेकवले. बासऱ्या वाजल्या. बायकांनी फुलं उधळली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी थांबले नाही. कोपराने वाट काढत नदीच्या वरच्या अंगाच्या कठड्यापर्यंत पोचले. तिथून पलीकडे गर्दीत कारिकोसचे निळे हात दिसले. तो उड्या मारत होता.

"सासूबाई! सुरू झालं! पहाटेपासून कळा येतायत!"

"गाठ? गाठ कोणी सोडली नाही ना?"

"नाही! माझी आई सोडू म्हणतेय!"

"हात लावू नका म्हणावं!"

आणि त्याच क्षणी थेमिसोननी नाण्यांची पिशवी उघडून पहिली मूठ उधळली.

एक नाणं घरंगळत त्यांच्याच पायाशी आलं. त्यांनी उचललं, कौतुकाने अंगठ्याने पुसलं. मग दुसरं उचललं. मग पिशवीत हात घालून मूठभर काढली आणि सगळी एकदम बघितली, जणू एखाद्यात तरी देव जागेवर असेल.

"आर्तेमास!"

बासऱ्या थांबल्या. दादा पालखीच्या मागे लपला होता, वहिनीने त्याला पुढे ढकललं.

"आपला देव डावीकडे कसा? मी स्वतः बघितला, उजवीकडे होता!"

"ठशात उजवीकडे होता," दादा पुटपुटला. "ठसा उलटा असतो. तुम्हीच म्हणालात, कळतं म्हणून."

"अक्षरं उलटतात ते कळतं! देव कसा उलटेल?" थेमिसोन आमच्या पुजाऱ्याकडे वळले. "काय हो, देव उलटतो का?"

"कदापि नाही," पुजारी म्हणाला.

"तुमचा उलटलाय खरा," अद्रास्तोस हळूच म्हणाले.

मग काय विचारता! कोणी म्हणालं ओर्वासाकरांनी कारागीर फोडला. कोणी म्हणालं पेल्ताराकरांना आपला देवही धड उभा करता येत नाही. ओर्वासाचा एक म्हातारा ओरडला, "कांदोव्याला जा, डुक्कर आणा!" आणि आमच्याकडचे पाचजण त्याच्या अंगावर धावले. थेमिसोन गर्जले, "वेस बंद करा! नवा ठसा होईपर्यंत समेट नाही!"

वेस बंद. गर्दी एकदा इकडे लोटली, एकदा तिकडे. मी टोपली छातीशी धरून तिच्याबरोबर फरफटत वरच्या कठड्यापासून थेट खालच्या अंगाच्या कठड्यावर येऊन आदळले. एका पायातली चप्पल वाटेतच गेली.

"आर्तेमास, सगळ्यांसमोर बोल," थेमिसोन म्हणत होते. "मला काय कबूल केलं होतंस? कोण उजवीकडे?"

"तुमचा," दादा म्हणाला.

"आणि मला?" अद्रास्तोसनी विचारलं.

"तुमची," दादा म्हणाला. घाम त्याच्या दाढीतून ठिबकत होता. "दोघंही उजवीकडे आहेत. बरं?"

सगळा पूल हसला. ते हसू ऐकून माझ्या भावाची मान खाली गेली, आणि मला इतका राग आला की मी काय बघत होते ते मला तेव्हा दिसलं. मी खालच्या कठड्याला टेकून उभी होते. माझ्यासमोर पुलाच्या मधोमध दोन्ही देव हात धरून उभे होते, आणि आमचा चंद्रदेव माझ्या उजव्या हाताला होता. पण थोड्या वेळापूर्वी, वरच्या कठड्यावरून, आई उजवीकडे होती. हुबेहूब नाण्यासारखी.

"दादा बरोबर बोलतोय!" मी ओरडले. नदीकाठी महिनोन्‌महिने ओरडून माझा आवाज तयार झाला होता. तो दोन्ही गावांच्या ओळखीचा होता, त्यामुळे सगळे वळले. "थेमिसोनकाका, इकडे या, खालच्या कठड्याला. इथे उभं राहून बघा. देव कुठे आहे?"

ते नाखुशीने आले. बघितलं. डोकं तिरकं केलं. "उजवीकडे," ते म्हणाले.

"अद्रास्तोसराव, तुम्ही वरच्या कठड्याला जा. आई कुठे आहे?"

"उजवीकडे. अर्थातच."

"मग झालं तर! देव हलले का? कोणी उलटलं का? नाण्यावरचं चित्र वरच्या कठड्यावरून काढलंय, एवढंच! ज्याला जो देव उजवीकडे हवा त्याने त्या बाजूला जाऊन उभं राहावं. दुसरा ठसा खालच्या कठड्यावरून होईल. दादा, करशील ना?"

"बरं!" दादा इतक्या जोरात म्हणाला की पालखीचे भोई दचकले.

मग ओर्वासाचा तो डुकरवाला म्हातारा काठी टेकत वरच्या कठड्याकडे निघाला. "आपल्याला तर इथूनच बरी दिसते," तो म्हणाला. त्याच्या मागे त्याची सून, मागोमाग सगळं ओर्वासा. आमचे लोक मागे कसे राहतील? चांगली जागा जाईल म्हणून ते खालच्या कठड्याकडे धावले. सगळं पेल्तारा एका कठड्यावर, सगळं ओर्वासा दुसऱ्या कठड्यावर, आणि मध्ये पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा. त्यात फक्त दोन देव.

मी धावले.

आमच्या पालखीला वळसा घालायला जागा खालच्या अंगाला, त्यांच्या पालखीला वरच्या अंगाला, आणि मधली वाट फक्त दोघांच्या जुळलेल्या हातांखालून. देवांच्या मधून जाऊ नये हे मला माहीत आहे. मी मनात दोघांचीही क्षमा मागितली, टोपली काखेत मारली, वाकले आणि हातांखालून निघाले. लसणाची माळ सिंहाच्या दातांत अडकली ती ओढून घेतली. मागून आमचा पुजारी "अगं बाई! अगं!" करत होता. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी मी ओर्वासात शिरले.

बाबेईस विहीणबाई दारातच उभ्या होत्या, दोन्ही हात कमरेवर. "आलात? मी गाठीला हात लावलेला नाही. मोह झाला होता."

"डाळीत मीठ घातलंत का?" मी धापा टाकत विचारलं.

"आज नाही घातलं."

इतकं बोलणं झाल्यावर आमचं भांडण संपलं. आत आफिया खाटेच्या कडेला धरून उभी होती, केस कपाळाला चिकटलेले. मला बघून म्हणाली, "आई, तुझी चप्पल कुठाय?" गाठ काही सुटेना. मीच मारलेली गाठ, आणि घट्ट मारण्याची माझी जुनी खोड. शेवटी दातांनी सोडली. दिवस कलायच्या आत मुलगा झाला. त्याच्या अंगावर कारिकोसच्या हातांचे निळे ठसे उमटले, ते महिनाभर गेले नाहीत.

दुपारी प्रांताधिकाऱ्यांचा माणूस पुलावर आला होता म्हणे. दोन गावं दोन कठड्यांना चिकटून का उभी आहेत, असं त्याने विचारलं. थेमिसोन आणि अद्रास्तोस एका सुरात म्हणाले, "आमची जुनी प्रथा आहे." तेव्हापासून ती खरोखरच प्रथा आहे. आता जत्रेत चुकीच्या कठड्याला उभं राहिलं तर लोक रागाने बघतात.

राहता राहिला तो दुसरा ठसा, खालच्या कठड्यावरचा. तो दादाने सावकाश केला, आणि थेमिसोननी या वेळी नाणं पडल्यावरच बघितलं. चंद्रदेव उजवीकडे, आई डावीकडे, मध्ये तेच सुरेख नखांचे हात. थेमिसोन खूश झाले. पण त्या हातांच्या खाली एक बारीक बाई होती. काखेत काहीतरी भरगच्च घेऊन वाकून धावणारी.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

दादा गप्प राहिला. इतक्या वर्षांत ‘बरं’ही न म्हणता गप्प राहिल्याची ही पहिलीच वेळ असावी. पुजाऱ्याने नाणं डोळ्यांजवळ नेलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अहो, ही समेटाची देवी! काखेत समृद्धीची टोपली. एका पायात पादत्राण आहे, दुसरा अनवाणी. म्हणजे एक पाय या काठावर, एक त्या काठावर. आणि गळ्याशी ही मोत्यांची माळ."

"लसणाची आहे," वहिनी म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या वसंतात दोन्ही गावांनी वर्गणी काढून पुलाच्या मधोमध तिची लहानशी वेदी बांधली. पहिलटकरणींच्या आया तिथे तेल वाहतात, आणि आपली एक चप्पल सोडून जातात. मी दादाला म्हटलं, "हे काय करून ठेवलंस? लोकांना सांग खरं काय ते."

"बरं," तो म्हणाला, आणि सांगितलं नाही.

आफियाला आता दुसऱ्यांदा दिवस राहिले आहेत. यंदा वेशी उघड्या आहेत, मी वाटेल तेव्हा जाऊ शकते, पाय सुजलेत का ते डोळ्यांनी बघू शकते. तरी परवा जाताना पुलावर थांबले. इकडेतिकडे कोणी नाही असं बघितलं, टोपलीतून तेलाची बुधली काढली आणि वेदीवर चार थेंब वाहिले. समोर कोण आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मुलीच्या बाबतीत उगाच धोका कशाला पत्करा?